थंड कसं येतं?

घरातल्या यंत्रांच्या दुखण्याविषयी आपण फार मोघम बोलतो. पंखा 'आवाज करतो', मिक्सर 'जड चालतो', पाण्याची मोटार 'उचलत नाही' आणि गिझर 'नीट चालत नाही'. यांतले शेवटचे वाक्य विशेष निरुपयोगी म्हणावे लागेल, कारण त्यात निदान चार निरनिराळ्या तक्रारी एकमेकींच्या आड उभ्या असतात. पाणी तापतच नाही, ही एक. तापते, पण एका बादलीत संपते, ही दुसरी. टाकी गळते, ही तिसरी. आणि चौथी अशी, की पाणी उत्तम तापते, पुरेसे साठते, पण नळाला येते ते करंगळीएवढ्या धारेने. पहिल्या तीन तक्रारी एखाद्या सकाळी अचानक उभ्या राहतात आणि घरात आरडाओरडा होतो. चौथी मात्र पावलांचा आवाज न करता येते. महिनोन् महिने तिला कोणी तक्रार म्हणतही नाही. प्रस्तुत टिपण या चौथ्या तक्रारीविषयी आहे.

विषय साहित्याचा नाही, हे उघडच आहे. पण आम्ही दोघेही मराठी शिकवतो. समोरच्या संहितेचा अर्थ कसा लावावा, अनेक स्पष्टीकरणांतले कोणते स्वीकारावे आणि कोणते कशाच्या आधारावर नाकारावे, हा आमचा रोजचा उद्योग. गेल्या हिवाळ्यात तोच उद्योग न्हाणीघरात करण्याची वेळ आली. त्या निमित्ताने जे दिसले, ते नोंदवून ठेवावेसे वाटले.

*

मराठी मध्यमवर्गीय घरातली गरम पाण्याची व्यवस्था दोन-तीन पिढ्यांत कितीतरी बदलली. चुलीवरचा हंडा, मग तांब्याचा बंब, मग बादलीत सोडायचा विजेचा रॉड आणि शेवटी गिझर. आमच्या लहानपणी, म्हणजे १९८०च्या दशकात, गावाकडच्या घरांत बंब नांदत होता. मधोमध जाळाची नळी, तिच्याभोवती पाणी, वर झाकण, खाली तोटी. लाकडाच्या ढलप्या, करवंट्या, कोळसे, जे हाताशी असेल ते त्याला चाले. बंबाचा कारभार उघडा होता. झाकण काढले की किती पाणी उरले ते दिसे, आणि तोटी उघडली की पाणी आपल्या वजनाने खाली येई. बंबात कोणी पाणी भरले नाही तर तो रिकामा होई. त्यात गूढ असे काही नव्हते.

साठवणीच्या गिझरचा कारभार याच्या नेमका उलट. तो बंद असतो आणि सदैव भरलेला असतो. थंड पाणी त्याच्या तळाशी शिरते. तापलेले पाणी हलके होऊन वर जमते आणि टाकीच्या आत उभ्या असलेल्या एका नळीच्या वरच्या तोंडातून बाहेर पडते. ते आपण होऊन बाहेर येत नाही. खालून शिरणारे थंड पाणी त्याला ढकलते. जेवढे आत येईल तेवढेच बाहेर जाईल, थेंबभरही अधिक नाही. म्हणून 'गरम पाणी कमी येते' या वाक्याचा अर्थ पुष्कळदा 'थंड पाणी आत कमी जाते' असा असतो. बंबाच्या सवयीने पाहणारा माणूस दोष पाणी जिथून बाहेर पडते तिथे शोधतो. गिझरमध्ये तो पाणी जिथून आत येते तिथेही शोधावा लागतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. आमचे घर पुण्याच्या पश्चिमेकडच्या उपनगरात, इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर आहे. पाण्याची टाकी अगदी डोक्यावर असल्यामुळे आम्हांला पाणी सर्वांत जोरात मिळत असणार, असा पाहुण्यांचा समज होतो. वस्तुस्थिती उलटी आहे. पाण्याचा दाब टाकीच्या जवळिकीवर अवलंबून नसतो, तो टाकीतल्या पाण्याच्या उंचीवर अवलंबून असतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो भरतो. आमच्या नळापासून टाकीतल्या पाण्यापर्यंतची उंची जेमतेम तीन मीटर, म्हणजे दाब एक तृतीयांशाहूनही कमी. तळमजल्यावर हाच दाब कितीतरी पटींनी जास्त. त्यामुळे वाटेतला जो अडथळा खालच्या घरांत कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही, तो वरच्या मजल्यावर धार तोडून टाकतो.

*

घरात आम्ही तिघे. आमच्यातल्या एकीची आई आणि दुसऱ्याची सासू, वय वर्षे ७८. दोघेही तिला आईच म्हणतो. पहाटे साडेपाचला उठणे आणि सहाला अंघोळ, हा तिचा कित्येक वर्षांचा क्रम. गेल्या दिवाळीनंतर ती पाचलाच उठू लागली. विचारले तर म्हणाली, "या वयात झोप येते कुठे?" उत्तर पटण्यासारखे होते. पण काही दिवसांनी ध्यानात आले की उठल्यावर ती आधी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून येते. मग फुले निवडते, देवघर पुसते, चहाचे आधण ठेवते आणि मधूनमधून जाऊन बादली कुठवर आली ते पाहते. नंतर तिने बादलीऐवजी अर्धी बादली घ्यायला सुरुवात केली. डोक्यावरून अंघोळ दुपारवर ढकलली. थंडी वाढली तशी ती प्लास्टिकच्या स्टुलावर तिथेच बसून राहू लागली, कारण ये-जा करताना ओल्या फरशीवर पाय सरकण्याची भीती. यांतल्या प्रत्येक बदलासाठी तिच्याजवळ वेगळे आणि समंजस कारण तयार होते. गरम पाणी कमी येते, हे कारण त्यांत एकदाही नव्हते.

आमच्या मते या तक्रारीचे हेच मुख्य लक्षण आहे. घट सावकाश झाली की माणूस तिच्याशी जुळवून घेतो. मग घट दिसेनाशी होते आणि फक्त जुळवून घेणे उरते. तेही स्वभाव म्हणून, वय म्हणून, किंवा आवड म्हणून ओळखले जाते.

म्हणून एका रविवारी आम्ही घड्याळ लावले. २० लिटरची बादली थंड पाण्याच्या नळाखाली २ मिनिटे १५ सेकंदांत भरली. तीच बादली गरम पाण्याला ९ मिनिटे ३० सेकंद लागले. दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले, तेव्हा पहिल्यांदा या गोष्टीला तक्रारीचे रूप आले.

*

इमारतीत विषय निघाल्यावर मतांना तोटा नव्हता. सोसायटीच्या एका जुन्या सभासदांचे म्हणणे असे, की वरच्या मजल्याला मुळात प्रेशरच नाही, गच्चीवर पंप बसवल्याशिवाय गत्यंतर नाही. दुसऱ्या शेजाऱ्यांच्या मते भिंतीतले पाइप आतून गंजून भरले आहेत, टाइल्स फोडाव्या लागणार. इमारत वीस वर्षांची, पाइप लोखंडाचे, वर जस्ताचा मुलामा. असे पाइप आतून गंजतात हे खरेच आहे, त्यामुळे हे मत हसून सोडून देण्याजोगे नव्हते.

तिसरे मत खालच्या मजल्यावरच्या एका निवृत्त अभियंत्यांचे. ते म्हणाले, लाइनमध्ये हवा अडकली असणार. आणि मग त्यांनी कात्रजच्या नळाची गोष्ट सांगितली. अठराव्या शतकाच्या मध्यात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत जे पाणी आणले, त्याच्या वाटेवर जागोजाग उच्छ्वास बांधलेले होते. बंदिस्त नळातून पाणी न्यायचे तर त्यातली हवा बाहेर पडायला वाट हवी, नाही तर हवाच पाण्याला अडवते. बांधकामाच्या एका भागाला 'उच्छ्वास' हे नाव देणाऱ्या माणसाविषयी आम्हांला मराठीचे शिक्षक म्हणून फार आदर वाटला. पण हवा अडकते ती बहुधा टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यावर, आणि तिचा परिणाम त्याच दिवशी दिसतो. ती दर महिन्याला थोडी थोडी वाढत जात नाही. आईचे उठणे मात्र तीन महिन्यांत हळूहळू अलीकडे सरकले होते.

चौथे मत एका नातेवाइकांचे, आणि तेच सर्वांत सोपे वाटणारे. "हा काढून टाका आणि गॅस गिझर बसवा, नळ उघडला की गरम पाणी हजर." या सूचनेला आम्ही दोघांनी एकाच वेळी नकार दिला. आमच्या न्हाणीघराला हातभर खिडकी आहे आणि थंडीत ती बंद असते. कोंडलेल्या जागेत गॅस जळू लागला की प्राणवायू कमी पडतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि अंघोळ करणाऱ्याला आपण गुंगीत चाललो आहोत हे कळेपर्यंत दाराची कडी काढण्याचे बळ उरत नाही. अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात आपल्या वृत्तपत्रांत येतात. शिवाय यंत्राच्या दृष्टीनेही ही सूचना उलटी होती. गॅस गिझरमध्ये वाहत्या पाण्याच्या जोराने एक पडदा सरकतो, तेव्हा कुठे गॅस सुटतो. पाण्याला जोरच नसेल तर तो पेटणारच नाही.

चारही मतांत एक साम्य होते. प्रत्येक मत गरम पाण्याच्या बारीक धारेचे स्पष्टीकरण देत होते, पण शेजारच्या नळाला थंड पाणी धो धो का येते, याविषयी कोणी बोलत नव्हते.

*

मिस्त्री आले ते शनिवारी दुपारी. मूळचे लातूरकडचे, पन्नाशीतले, बोलणे मोजके. आम्ही घड्याळ, बादली आणि शेजाऱ्यांची मते यांचा वृत्तान्त सुरू करणार, तोच त्यांनी विचारले, "थंड कसं येतं?"

"चांगलं येतं."

"बेसिनला गरम कसं येतं?"

"तिथंही बारीकच."

"गिझर बंद असताना सोडून बघितलं का?"

"बघितलं. तेवढंच येतं."

"मग झालं की," ते म्हणाले आणि पान्हा काढायला खाली बसले.

तीन प्रश्नांत त्यांनी तीन मते निकालात काढली होती. थंड पाणी चांगले येते, म्हणजे गच्चीवरची टाकी, तिथून उतरणारा पाइप आणि प्रेशर, सगळे निर्दोष. दाब कमी आहे, पण तो दोन्ही नळांना सारखाच कमी आहे. बेसिनलाही गरम पाणी बारीकच येते, म्हणजे दोष एखाद्या तोटीत, शॉवरच्या जाळीत किंवा डायव्हर्टरमध्ये नाही, सगळ्यांच्या सामाईक वाटेवर आहे. आणि गिझर बंद असतानाही धार तेवढीच, म्हणजे तापण्याचा या क्षणाशी संबंध नाही, काहीतरी वाट अडवून बसले आहे. न्यायशास्त्रात ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात तो आम्ही वर्गात धूर आणि अग्नी यांच्या आधारे शिकवतो. इथे तो एका थंड आणि एका गरम नळाच्या आधारे, आवाज न करता चालला होता.

पुढे जे केले तेही याच रीतीने. आधी विजेचे बटण बंद. गिझरखालचा अँगल कॉक बंद. मग गिझरच्या बाहेर जाणाऱ्या तोंडाचा पाइप सोडवून तो बादलीत धरला आणि कॉक उघडला. धार तशीच बारीक. म्हणजे भिंतीतला पाइप सुटला, टाइल्स वाचल्या, कारण पाणी भिंतीत शिरण्याआधीच कमी होते. मग आत जाणारा पाइप सोडवला आणि कॉक उघडला, तर पाणी उसळून मिस्त्रींच्या बाहीवर आले. म्हणजे कॉकपर्यंत सगळे ठीक. आता दोषाला लपायला दोन तोंडांमधली दीड हात जागा उरली होती.

आत जाण्याच्या तोंडाशी पितळेचा एक लहान भाग असतो. त्याला मिस्त्री 'एनआरव्ही' म्हणतात. पाणी आत जाऊ द्यायचे पण तापलेले पाणी उलटे थंड नळात येऊ द्यायचे नाही, आणि टाकीत दाब फार वाढला तर तो बाहेर सोडून द्यायचा, अशी दोन कामे तो करतो. त्याच्यातली स्प्रिंग आणि रबराची चकती पांढऱ्या खरखरीत थराखाली जवळजवळ बुजून गेली होती. पाणी जात होते ते एका फटीतून. तो भाग काढून पुन्हा मोजले, तर बादली ४ मिनिटे १० सेकंदांत भरली.

दारात उभे असलेले शेजारी म्हणाले, "मग तो काढूनच टाका ना, कशाला पाहिजे?" मिस्त्रींनी मान हलवली. तो नसेल तर वरची टाकी रिकामी झाल्यावर गिझरमधले पाणी उलटे उतरून जाऊ शकते आणि कोरडी कॉइल जळते. थर्मोस्टॅट बिघडला तर वाढलेल्या दाबाला वाट राहत नाही. त्याच्यातून थेंब थेंब पाणी ठिबकते म्हणून काही जण त्याचे तोंड बंद करून टाकतात. ते तर सगळ्यांत वाईट. "पाणी कमी आलं तर माणूस थांबतो, पण टाकी फुटली तर?" एवढेच ते म्हणाले आणि नवा व्हॉल्व्ह बसवला.

तरीही ४ मिनिटे १० सेकंद थंड पाण्याच्या जवळजवळ दुप्पट होते. म्हणून टाकी रिकामी करून गिझर खाली उतरवला आणि त्याची तळाची चकती उघडली. अंड्याच्या कवचासारखे पांढरे-पिवळे तुकडे घमेल्यात ओतले गेले, ओंजळी-दोन ओंजळी नव्हे, चांगले अर्धे घमेले. करंगळीएवढी कॉइल मनगटाएवढी झाली होती. गरम पाणी ज्या नळीतून बाहेर पडते तिच्या आतही तोच थर, मधले भोक पेन्सिलीएवढे उरलेले. व्यास निम्मा झाला की प्रवाह निम्मा होईल असे आपल्याला वाटते, पण त्याच दाबाखाली तो साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शावर येतो. त्यामुळे थर सुरुवातीला बसत असताना काही कळत नाही, आणि शेवटी थोडासाच वाढतो तेव्हा धार कोसळते.

*

हा थर येतो कुठून? नळाच्या पाण्याला आमच्या इमारतीत बोअरवेलची जोड आहे, उन्हाळ्यात टँकरचीही. बोअरवेलचे पाणी दख्खनच्या काळ्या खडकातून येते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून बनलेला हा बेसॉल्ट. पावसाचे पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते, खडकाच्या भेगांतून मुरताना त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेते आणि बायकार्बोनेटच्या रूपात विरघळवून ठेवते. थंड असेपर्यंत ते पाणी स्वच्छ, पारदर्शक, निरुपद्रवी. तापले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि विरघळलेले कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसते. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, या क्षाराचे उलटे आहे. म्हणून थंड पाण्याचा नळ मोकळा राहतो आणि गरम पाण्याची वाट भरून येते. पाणी साठ अंशांच्या पुढे तापवले तर ही क्रिया आणखी झपाट्याने होते. थर जमला की कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, वीज जास्त जळते, आणि ती जास्त तापलेली कॉइल आणखी थर जमवते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालते. या पाण्याला शाळेच्या पुस्तकांत 'दुष्फेन' आणि त्याच्या विरुद्ध पाण्याला 'सुफेन' म्हटले आहे. ज्यात साबणाला फेस येतो ते सुफेन, ज्यात येत नाही ते दुष्फेन. कोणा परिभाषाकाराने पाण्याची परीक्षा साबणावरून करून हे शब्द घडवले आणि ते चांगले घडवले. बोलण्यात मात्र आपण 'जड पाणी' म्हणतो, आणि तो शब्द भौतिकशास्त्राने आधीच वेगळ्या कामाला लावलेला आहे. अलिबागजवळ थळला ज्याचा कारखाना आहे ते जड पाणी अणुभट्टीसाठी लागते, त्याचा आमच्या गिझरशी संबंध नाही. मिस्त्री यांतला एकही शब्द वापरत नव्हते. ते म्हणाले, "पाण्याला खार आहे."

तुकडे पाहून आई बाहेर आली. तिने एक उचलला, नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाली, "हे आमच्या बंबातही असायचं. दिवाळीआधी बंब उपडा करून ठोकून काढत असू." ही माहिती तिच्याजवळ पन्नासेक वर्षे होती. बंबाचे झाकण काढता येत होते म्हणून ती वापरात राहिली. गिझर पाहिल्यावर तिला ती विचारण्याचे कारण कोणाला पडले नव्हते. तिचा बंब बाहेरून चिंचेने लख्ख होई. मिस्त्रींनी कॉइल आणि नळी लिंबूसत्त्वाच्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्या, तेव्हा बुडबुडे उठू लागले. आंबटाने खार जातो, हे दोघांनाही ठाऊक होते.

*

मराठीच्या अवस्थेवरची चर्चासत्रे आमच्या पेशात नवी नाहीत. विद्यार्थी वाचत नाहीत, या एका वाक्यावर दोन दिवस बोलले जाते. कारणे म्हणून जागतिकीकरण येते, इंग्रजी माध्यम येते, मोबाइल येतो. यांतले एकही कारण खोटे नाही. वरच्या मजल्याला दाब कमी असतो, हेही खोटे नव्हते. पण जे कारण दोन्ही नळांना सारखेच लागू आहे, ते दोन नळांमधला फरक समजावून देऊ शकत नाही.

आमच्याच महाविद्यालयात, त्याच वर्गातली तीच मुले लोकसाहित्याच्या तासाला भरून असतात आणि साहित्यशास्त्राच्या तासाला विरळ होतात. नेमलेला ललित निबंध न उघडणारी मुलगी स्पर्धा परीक्षेसाठी महाराष्ट्राच्या इतिहासाची जाड पुस्तके मराठीत वाचते, आणि रात्री मैत्रिणींना मराठीतच लांबलचक संदेश लिहिते. म्हणजे टाकीत पाणी आहे. मग अडथळा आमच्या प्रश्नपत्रिकेत आहे, टिपणांच्या झेरॉक्स प्रतींत आहे, की तीच ती उदाहरणे वर्षानुवर्षे तापवत राहिल्याने जमलेल्या थरात आहे? हे शोधायचे तर एकेक पाइप सोडवून बादलीत धरावा लागेल. चर्चासत्रात पंप बसवण्याचा ठराव करणे त्या मानाने सोपे असते.

घटीशी जुळवून घेण्याची कला तर आमच्या विभागांनी आईइतकीच साधली आहे. साठ विद्यार्थ्यांच्या जागी चाळीस आले तेव्हा वर्गाची खोली बदलली. चाळीसांचे बावीस झाले तेव्हा दोन तुकड्यांची एक झाली, आणि आता तेवढ्याच वेळात प्रत्येकाकडे लक्ष देता येते, असे आम्ही एकमेकांना सांगतो. हेही समंजस आणि खरे आहे. कागदावर मात्र दोन आकडे शेजारी शेजारी लिहिलेले कुठे दिसत नाहीत.

असो. यंत्राचे रूपक फार ताणू नये. विद्यार्थी म्हणजे पाणी नव्हे आणि शिक्षक म्हणजे तर मिस्त्री नव्हेच. पण ज्या प्रश्नाने शनिवारची ती दुपार सुरू झाली, तो आम्ही आता शोधनिबंध तपासतानाही विचारतो. 'ग्रामीण साहित्याचा ऱ्हास' असे शीर्षक घेऊन कोणी आला की त्याला म्हणतो, त्याच काळात, त्याच भागात, त्याच वाचकांत काय चांगले चालले होते, ते आधी सांग.

*

काम संपायला संध्याकाळ झाली. सामान आणि मजुरी मिळून पंधराशे रुपयांच्या आत खर्च आला. गिझर पुन्हा भिंतीवर चढला, आधी पूर्ण भरला, नळातून सलग धार आल्यावरच विजेचे बटण दाबले, आणि थर्मोस्टॅट थोडा खाली आणून ठेवला. बादली २ मिनिटे ४० सेकंदांत भरली.

नंतर खालच्या दोन घरांनी आपापल्या गरम पाण्याची अशीच परीक्षा घेतली. एका घरात सगळा दोष बेसिनच्या तोटीच्या टोकाशी असलेल्या जाळीत निघाला, ती काढून धुतल्यावर प्रश्न मिटला. दुसऱ्या घरात रंगकामाच्या वेळी कोणीतरी अँगल कॉक अर्धा बंद केला होता आणि तो तसाच राहून गेला होता. तक्रार तिन्ही घरांत एकच होती, शब्दही तेच होते. गच्चीवरच्या पंपाचा विषय मात्र सोसायटीच्या पुढच्या सभेसाठी अजून शिल्लक आहे.

जाताना मिस्त्री म्हणाले होते, "पाणी तेच आहे, खार परत बसणार. वर्षातनं एकदा उघडा, धार जायची वाट बघू नका." म्हणून न्हाणीघराच्या दाराआड एक कागद चिकटवला आहे. पहिल्या ओळीवर त्या शनिवारची तारीख आणि २ मिनिटे ४० सेकंद. दर तीन महिन्यांनी बादली मोजायची आणि खाली लिहायचे, असे ठरले. परवा दुसरी ओळ लिहिली, २ मिनिटे ५० सेकंद. दहा सेकंदांचा फरक. आईला विचारले, तर ती म्हणते, काही फरक नाही, छान येतंय.